राडोची चाकं

सगळ्या विपावा खोऱ्यात अशी गाडी सापडायची नाही जिचं चाक राडोच्या हाताखालून गेलं नाही. टायर बदलावेत ते त्यानंच. पंक्चर काढावं, हवा भरावी, एखादी घसरती गाडी बघून मालकाला खडसवावं, "मरायचंय का तुला या टायरवर?" अशी त्याची ख्याती. आणि या माणसाला स्वतःच्या ग्लायडरला दोन चाकं लावायची लाज वाटावी! आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

ग्लायडर म्हणजे तिकोनी पंख. त्याखाली लांबोडक्या झोळीत माणूस पोटावर झोपतो, पाय आत, वर छातीपर्यंत चेन लावलेली, आणि समोरच्या आडव्या दांड्यावर दोन हात. एवढ्यावर तो डोंगरावरून धावत सुटतो, हवेत जातो आणि मग पाय आत घेऊन चेन ओढतो. जाणं सोपं आहे हो. गंमत आहे ती खाली येण्यात. उतरायच्या आधी चेन उघडून पाय बाहेर काढायचे, हात आडव्या दांड्यावरून दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्यांवर न्यायचे, आणि पंखाची चाल संपत आली की नेमक्या त्या क्षणी दोन्ही दांडे जीव खाऊन वर ढकलायचे. मग नाक आभाळाकडे जातं, पंख जागच्या जागी थबकतो आणि माणूस जिन्याची शेवटची पायरी उतरावी तसा जमिनीवर येतो. क्षण हुकला की नाक मातीत आणि दांडा वाकडा.

राडोचा क्षण कायम हुकायचा. गवत दिसलं की त्याचे पाय हवेतच पळायला लागत. पाय पळाले की अंग पुढे झुके, हात अर्धेच ढकलत, आणि धाडकन नाक मातीत. इवान्काबाईच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे, सगळे पायलट तिथंच पितात. ज्याचा दांडा वाकला त्यानं तो तिला नेऊन द्यायचा आणि तिनं तो मांडवाला टेकू म्हणून लावायचा, अशी तिथली जुनी रीत. त्या मांडवाची एक अख्खी बाजू राडोच्या जिवावर उभी होती. इवान्का म्हणायची, "राडो, यंदा मला वेल वाढवायचाय, जरा मनावर घे."

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. गेल्या शरदात दांड्याबरोबर त्याचा दंडही मोडला. सगळा हिवाळा त्याच्या बायकोनं, मायदानं, दुकान सांभाळलं, टायर उचलले, आणि रोज सकाळी नवऱ्याच्या पँटची बटणं लावली. तक्रारीचा एक शब्द काढला नाही तिनं. प्लास्टर निघालं त्या दिवशी मात्र जेवणाच्या टेबलावर दोन जाडजूड रबरी चाकं आणून ठेवली. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना ही लावली की पोटावर उतरलं तरी पंख घरंगळत जातो, नाक रुतत नाही.

"ही लाव," ती म्हणाली, "नाहीतर ग्लायडर विक. तिसरी गोष्ट बोलू नकोस."

"अगं पण चाकं शिकाऊ पोरं लावतात..."

"राडो, त्या दिवशी मी खाली उभी होते. तू पडलास आणि हललाच नाहीस. मी धावत आले तेव्हा तू जिवंत आहेस की नाही हे मला माहीत नव्हतं. पुन्हा तसं धावायची ताकद माझ्यात नाही. शपथ घे."

त्यानं आईची शपथ घेतली. खरं सांगायचं तर मनापासून घेतली.

नंतर वसंतात सिल्वानं त्याला धरलं. सिल्वा त्यांच्यातली सगळ्यात मुरलेली पायलट, साठीला आलेली, बोलायला तिखट. छोट्या टेकडीवर तिनं त्याला आठवडेच्या आठवडे घासला. वरून सोडायची आणि खालून ओरडायची, "पळतोस कशाला? कुत्रं लागलंय का मागं? पाय विसर! तुला पायच नाहीत असं समज, हातांनी उतर!" राडोला पटायचं सगळं. पण पायांना कुठं पटत होतं? तरी एकदोनदा बरं जमलं, आणि एकदोनदा जमल्यावर माणसाचं डोकं कसं फिरतं ते वेगळं सांगायला नको.

एप्रिलअखेरच्या त्या रविवारी मंडळी डोंगरावर जमली. सीमेपलीकडचे चारपाच इटालियन पाहुणेही आले होते. उत्तरेच्या कड्यामागं पांढऱ्या ढगाची कड दिसत होती, म्हणजे संध्याकाळी बुर्या सुटणार. हा डोंगरावरून कोसळणारा वारा एकदा सुरू झाला की छपरं उडवतो, पंखाची काय कथा. दुपार उतरायच्या आत सगळ्यांनी खाली असायचं असं ठरलं. मायदा गाडी घेऊन आली होती; सगळे उडाले की तीच गाडी खाली उतरायच्या कुरणावर नेणार. तोवर ती मागच्या रानात रानशतावरीचे कोंब खुडायला गेली, रात्री अंड्यात घालायला.

राडोनं पंख उलगडला, चाकं लावली. तेवढ्यात ल्युबो आला. ल्युबो चाळिशीचा, उतरण्यात एक नंबर, आणि फाटक्या तोंडाचा.

"अरे वा उस्ताद! बाबागाडी आणलीस होय? बाळ कुठाय?"

एका इटालियनानं अर्थ विचारला, ल्युबोनं हातवारे करून सांगितला, आणि सगळा घोळका खो खो हसला. राडोही हसला. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सात समुद्र पार केलेला माणूस असल्या फुसक्या चेष्टेत बुडतो, ते असंच.

त्यानं रानाकडे पाहिलं. मायदा पाठमोरी, वाकलेली. त्यानं पटापट पट्टे सोडले, चाकं काढली, गाडीच्या मागच्या सीटवरच्या घोंगडीखाली कोंबली. एक लाल पट्टा हातातच राहिला. मायदा वळताना दिसली तसा त्यानं तो झोळीत छातीपाशी खुपसला. चोर घाईत असला की असंच काहीतरी खुपसतो. मायदा पुन्हा कोंबांकडे वळली.

उडायच्या आधी हूक नीट अडकलाय का ते दुसऱ्यानं बघायचं असतं. सिल्वानं पुढच्या तारा धरल्या, राडो आडवा लोंबकळला, तिनं हूक पाहिला. मग तिची नजर मोकळ्या दांड्यावर गेली.

"चाकं?"

"आज नको म्हटलं."

"मायदाला माहीत आहे?"

"हो तर," राडो म्हणाला.

सिल्वानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बघ बाबा," म्हणाली आणि तारा सोडल्या.

हवेत जाताच राडोनं पाय झोळीत घेतले आणि चेन छातीपर्यंत ओढली. वर मात्र स्वर्ग होता. ऊन, खाली द्राक्षमळ्यांच्या रांगा, नदीची चकाकी, बाजूला एक ससाणा. तासभर राडो कड्याच्या अंगानं खालीवर करत राहिला. आज पायावर उतरायचं, मायदाच्या डोळ्यांदेखत, एकही पाऊल न अडखळता. मग तिला घोंगडी उचलून चाकं दाखवायची आणि म्हणायचं, बघ, गरज नव्हती. हे बोलणं त्यानं मनात तीनदा घोळवलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसूसुद्धा त्यानं ठरवून टाकलं होतं!

मग कड्यामागचा ढग फुगून काठावरून खाली सांडायला लागला, आणि एकेक जण कुरणाकडे निघाला. ल्युबो उतरला, अर्थातच पायावर. इटालियन उतरले. सिल्वा उतरली. राडो शेवटचा. कुरणाच्या वर पुरेशी उंची असताना त्यानं चेन उघडायची दोरी ओढली.

चेन चार बोटं सरकली आणि अडकली.

त्यानं पुन्हा ओढली. मग एका हातानं दांडा सांभाळून सगळा जोर लावून ओढली. दोरी तुटून हातात आली. त्यानं मान वाकवून पाहिलं. चेनच्या दातांत लाल पट्टा गच्च गिळलेला, त्याचं टोक वाऱ्यात फडफडत होतं. चाकांचा पट्टा.

त्यानं आतून लाथा मारल्या, गुडघे वर घेतले. झोळी तसूभर उसवेना. छातीवरच्या खिशात दोर कापायचा चाकू होता. तो काढून त्यानं कापडात खुपसला, तेवढ्यात पंख डावीकडे कलला. सावरायला त्यानं दांडा पकडला आणि चाकू सुटून द्राक्षमळ्यात गेला.

तेव्हा कुठं त्यानं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"सिल्वा. माझी चेन अडकली. पाय बाहेर येत नाहीत."

खाली हसणं-बोलणं चाललं होतं ते थांबलं. सिल्वाचा आवाज आला. "किती उघडलीय?"

"नाहीच. दोरी तुटली. चाकूही पडला."

मध्येच ल्युबोचा आवाज घुसला, "मग पोटावर ये की उस्ताद, चाकं आहेत ना तुझ्या..." आणि तो बोलता बोलता गप्प झाला. खालून वर पाहिलं की मोकळा दांडा स्पष्ट दिसतो.

चाकाशिवाय पोटावर म्हणजे काय हे त्या कुरणावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. दांडा मातीत रुततो, पंख नाकावर उलटतो आणि पालथा माणूस मानेवर जातो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या क्लबातला एकजण असाच गेलेला. त्याच्या अंत्ययात्रेला हे सगळे होते.

आणि मग तिसरा आवाज आला, अगदी सपाट. गाडीतल्या वॉकीटॉकीवरून मायदा बोलत होती.

"राडो. घोंगडीखालची चाकं माझ्या हातात आहेत."

खाली निळ्या गाडीशेजारी एक ठिपका उभा होता, हात अंगापासून लांब धरून. त्या ठिपक्यासमोर आपण आईची शपथ घेतली होती, हे त्याला त्या क्षणी असं काही आठवलं की लाजेनं त्याला रडूच फुटायला आलं.

"मायदा, मी..."

"नंतर बोल," ती म्हणाली. "आधी खाली ये." आणि बटण सोडलं.

"हिला माहीत आहे म्हणाला होतास!" सिल्वा कडाडली. "गाढवा, खाली आलास की मी तुझी चामडी लोळवते. आता ऐक. वर थांबता यायचं नाही, मागं बघ."

त्यानं मागं पाहिलं. ढगानं अर्धा कडा गिळला होता. बुर्या कोणत्याही घटकेला खाली येणार. आणि कुरणाच्या खांबावरची लाल-पांढरी कापडी नळी मात्र मेल्यासारखी लोंबत होती. वादळाआधी वारा असाच पडतो. समोरून वारा असला की पंख आपोआप हळू होतो. वारा नसला की उतरणं सगळ्यात अवघड.

"वारा नाहीये सिल्वा."

"दिसतंय मला. तुला झोळीसकट उभं राहून उतरायचंय. पोत्यातल्या शर्यतीत पोरं उभी राहतात ना, तसं. हात उभ्या दांड्यांवर घे, अंग उभं कर, आणि ढकल. अर्धं नाही. पुरं."

"मला पाय असताना जमत नाही ते..."

"तेच सांगतेय! पाय असताना जमत नाही तुला!" मग तिचा आवाज उतरला. "हे बघ, ढकल म्हणून मी सांगणार नाही. मी सांगीन तोवर क्षण गेलेला असेल. पंख हातात हलका पडला, खाली बसायला लागला की तुलाच कळेल. आता वॉकीटॉकी सोड. दोन्ही हात लागतील."

त्यानं बटण सोडलं. मग फक्त वाऱ्याची शीळ राहिली.

चिनारांच्या रांगेवरून त्यानं शेवटचं वळण घेतलं. कुरण समोर आलं, लांब, हिरवं, कडेला पाचसहा माणसं, कोणी हलत नव्हतं. त्यानं दांडा छातीशी ओढून वेग घेतला. मग एक हात उभ्या दांड्यावर. मग दुसरा. झोळीतलं अंग वर रेटून कसंबसं उभं केलं. कंबरेतून कळ गेली. गवत वर येऊ लागलं. त्यात पिवळी फुलं होती, तीही आता वेगवेगळी दिसत होती.

आणि त्याचे पाय पळायला लागले. सवयच ती! पण पळणार कुठं? झोळीत मांड्या आवळलेल्या, गुडघे एकमेकांवर आपटले, बस्स. अंग पुढे झुकलंच नाही. झुकायला पायाखाली काही हवं ना! राडो तसाच दांड्याला उभा टांगलेला राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा गवताच्या वर वीतभर तरंगताना त्याला करायला दुसरं काही उरलं नाही. फक्त दोन हात होते आणि वाट बघणं होतं.

आता ढकलू? नाही. पंख अजून भरलेला. आता? अजून ओढ होती हातांत. मानेवरून घाम उतरला. कुरणाचं टोक, तिथली दगडी भिंत, जवळ येत होती. आत्ता ढकललं तर पंख वर उसळणार आणि तिथून दगडासारखा पडणार. थांब. थांब रे बाबा.

मग हातांतली ओढ सुटली. पंख मऊ पडला, जरासा खाली बसला.

राडोनं ढकललं. गेल्या शरदात मोडलेल्या दंडासकट ढकललं, हात कोपरात सरळ होईपर्यंत, खांद्यांत काहीतरी कडकड वाजेपर्यंत. पंखाचं नाक वर गेलं, डोक्यावरचं सगळं कापड हवेनं गच्च फुगलं, आणि सगळं थांबलं. शीळ थांबली. गवत थांबलं. आणि झोळीचा तळ हलकेच, अगदी हलकेच, जमिनीला टेकला.

तो उभा होता. दोन्ही पाय पोत्यात, खांद्यांवर पंख. एकही पाऊल न टाकता.

मग ल्युबो धावत आला. राडो आता तोल जाऊन पडणार हे त्यानं ओळखलं होतं. त्यानं पुढच्या तारा धरल्या आणि म्हणाला, "सोडू नकोस, मी धरलाय. धरलाय मी." त्याचा चेहरा पांढरा पडलेला. "बाबागाडी म्हटलं मी तुला. जीभ झडो माझी." इटालियन टाळ्या पिटत होते, कोणीतरी ओरडत होता की असं उतरणं आयुष्यात पाहिलं नाही. सिल्वा आली, तिनं कचकन पट्टा कापला, चेन फाडली, आणि राडोच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. "हे! हेच सांगत होते मी इतके दिवस!" म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

राडोचे पाय बाहेर आले. तो पंखाखालीच गवतात बसला. समोरून मायदा येत होती. धावत नव्हती. चालत येत होती, दोन्ही हातांत दोन चाकं.

त्याला माफी मागायची होती. पण माणसाचा स्वभाव मोठा वाईट. छातीत इतकं काही भरून आलं होतं की तोंडातून आधी तेच निघालं.

"पाहिलंस, मायदा? पाहिलंस कसा उतरलो?"

मायदा त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या सदऱ्यावर चाकांच्या रबराचे काळे डाग होते. छातीशी धरून उभी होती बहुतेक.

"नाही," ती म्हणाली. "मी डोळे मिटून घेतले होते. टाळ्या ऐकल्या तेव्हा कळलं जिवंत आहेस."

राडो तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यातलं एकुलतं एक धड उतरणं, साऱ्या कुरणानं पाहिलं. ज्या एका माणसासाठी ते करायचं होतं तिनं तेवढा वेळ गाडीला टेकून, डोळे घट्ट मिटून, त्याच्या पडण्याचा आवाज येण्याची वाट बघितली होती. ते सगळं तिच्या चेहऱ्यावर अजून तसंच होतं. गेल्या शरदातही असंच असणार. तेव्हा तो बेशुद्ध होता, म्हणून त्याला दिसलं नव्हतं.

"चुकलो," तो म्हणाला. "फार चुकलो गं मी."

कड्यावरून बुर्याचा पहिला झोत आला आणि कापडी नळी फट्कन ताठ झाली. माणसं आपापले पंख गुंडाळायला धावली. दांडे सुटे करा, कापड आवरा, लवकर लवकर. अशा वेळी कोणी पंखाला काही लावत बसत नाही, सगळं काढत असतात.

राडोनं तिच्या हातातून एक चाक घेतलं. गवतात गुडघे टेकून ते आडव्या दांड्याच्या टोकाला चढवलं. एक पट्टा कापला गेला होता, दुसरा गाडीतच राहिला होता, तेव्हा त्यानं आपल्या बुटाची नाडी काढली आणि नाडीनंच ते आवळून बांधलं. टायरवाल्याचे हात, गाठ पक्की बसली. मग दुसरं चाक घेऊन दुसऱ्या बाजूला गेला, तेही दुसऱ्या बुटाच्या नाडीनं बांधलं. इटालियन बघत होते. ल्युबोही बघत होता; वाऱ्यानं पंख उलटू नये म्हणून तारा धरून उभा राहिला.

"अहो, गुंडाळायचाय तो, लावताय काय?" एका इटालियनानं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

"गुंडाळतो की," राडो म्हणाला. "आधी हिला दाखवू दे."

त्यानं दांडा धरून पंख हातभर पुढे ढकलला, हातभर मागे ओढला. चाकं फिरली. मायदा बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती खाली बसली आणि दुसऱ्या चाकाची नाडी स्वतः ओढून पाहिली.

"ढिली आहे," ती म्हणाली.

त्यानं ती पुन्हा बांधली.

"पुढच्या वेळी बघशील?" त्यानं हळूच विचारलं. "उतरताना?"

मायदा उठली, गुडघ्याचं गवत झटकलं आणि गाडीकडे निघाली. चार पावलं जाऊन थांबली.

"वर असताना चाकं दिसली," ती म्हणाली, "तर उघडीन डोळे."